दार लावण्याची किंमत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस एका रुग्णाला बघायला गेले. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर. मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली वस्ती. खाली गुदामे, वर माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. व्हिएगसांनी निदान केले: गाठीचा प्लेग. डॉक्टर म्हणून त्यांनी आपले काम चोख केले होते. पण सरकारी कागदांवर हा शब्द उमटवायला अधिकारी बिचकत होते. गाठी येणारा विशिष्ट ताप, असे काहीतरी आडवळणाचे लिहून वेळ मारून नेणे त्यांना सोयीचे वाटत होते. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. प्लेग हा रोगाच्या नावाइतकाच व्यापारातला शब्द होता. तो उच्चारला की जहाजे अडणार, माल पडून राहणार आणि दूरदेशीच्या राजधान्यांत मुंबईचा निकाल लागणार, हे बंदरातला साधा दलालही जाणत होता.

झालेही तसेच. युरोपातल्या बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांकडे संशयाने बघायला सुरुवात केली, कच्च्या चामड्यासारख्या मालावर बंद्या आल्या आणि मुंबईहून निघणारी हजची यात्रा थांबवावी लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्याच महिन्यात व्हेनिसमध्ये युरोपातल्या राष्ट्रांची प्लेगवर परिषद भरली. मांडवीतल्या खोलीपासून व्हेनिसच्या टेबलापर्यंत पोचायला त्या साथीला पुरते सहा महिनेही लागले नाहीत.

व्हेनिसमध्ये ब्रिटनपुढे पेच होता. युरोपने हिंदुस्थानच्या मालाला दार लावले तर साम्राज्याचे उत्पन्न आटणार. दार उघडे ठेवायचे तर हिंदुस्थानात आपण साथ आवळून धरली आहे, हे दाखवून द्यावे लागणार. हे दाखवून देणे ज्यांच्या घरात घडले ती घरे पुण्याची होती. वॉल्टर रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली, सामान बाहेर काढून जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली आणि त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. हा प्रसंग आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो, आणि तो तिथे योग्यच आहे. पण पुण्याच्या वाड्यात शिरलेल्या त्या सोल्जरामागे युरोपातल्या बंदरांचा दबावही उभा होता, हे त्या धड्यात सहसा येत नाही.

तो दबाव हाच या पुस्तकाचा विषय आहे.

साथ आणि रोग यांवर मराठीत लिहिले गेले आहे. डॉक्टरांनी लिहिले, पत्रकारांनी लिहिले, ज्यांची माणसे गेली त्यांनीही लिहिले. साथीमुळे राष्ट्राराष्ट्रांतले व्यवहार कसे बदलतात आणि त्याची झळ कोणाच्या चुलीपर्यंत पोचते, यावर मात्र फार थोडे आहे. ‘जागतिक महामारीचे आंतरराष्ट्रीय परिणाम’ असे म्हटले की डोळ्यांपुढे परिषदांचे गोल टेबल येते आणि वाचक पान उलटतो. म्हणून आरंभीच सांगतो: या पुस्तकात टेबले कमी आहेत. बंदरे, गिरण्या, गोळ्यांचे कारखाने, लशीच्या कुप्या आणि घरी पैसे पाठवणारी माणसे जास्त आहेत.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. साथ आली की प्रत्येक देश आधी दार लावतो. मग लावलेल्या दाराचा खर्च कोणी उचलायचा, यावर भांडण सुरू होते. आणि त्या खर्चाची वाटणी रोगाच्या प्रमाणात होत नाही, ती आधी ज्याची जशी पत तशी होते. मराठीत ‘पत’ हा शब्द सावकाराच्या वहीतही चालतो आणि गावकीतही. साथीच्या काळात हे दोन्ही अर्थ एक होतात. ज्याची पत मोठी त्याला कर्ज मिळते, लस मिळते आणि चूक माफ होते. ज्याची पत लहान त्याला खरे बोलूनही दंड भरावा लागतो. विषाणू माणसामाणसांत भेद करत नाही, हे वाक्य २०२० मध्ये आपण फार ऐकले. विषाणू करत नसेल, हिशेब करतो.

या भांडणाचे वय मोठे आहे. साथींसाठीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८५१ मध्ये पॅरिसला भरली. बारा राज्यांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला. ही जोडीच पुढच्या पावणेदोनशे वर्षांचे सार सांगते. डॉक्टरने रोग कसा पसरतो हे सांगायचे आणि मुत्सद्द्याने ते आपल्या देशाला परवडते का, हे बघायचे. त्यावेळी वाद पटकीचा, म्हणजे कॉलराचा होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या अधिकच जवळ आली. भूमध्य समुद्रावरची राज्ये कारंटीनचा, म्हणजे जहाजे वेगळी थोपवून ठेवण्याचा, आग्रह धरत राहिली, आणि ज्याची सर्वांत जास्त जहाजे त्या कालव्यातून जात होती तो ब्रिटन विरोध करत राहिला. पटकी हवेतून पसरते की पाण्यातून, या शास्त्रीय प्रश्नाचे उत्तरही कोणाची किती जहाजे आहेत यावर हेलकावे खात होते. प्रत्यक्ष करार व्हायला १८९२ साल उजाडले. पहिल्या परिषदेपासून चार दशके!

देशाबाहेरच्या दाराइतकीच देशातल्या कारखान्याची गोष्ट महत्त्वाची आहे. प्लेगने मुंबईची अर्थव्यवस्था मोडली ती मेलेल्या माणसांमुळे नाही, निघून गेलेल्या माणसांमुळे. आठ लाखांच्या वर वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. कोकणात आणि घाटावर गावेही प्लेगला भिऊन घरे सोडत होती, शेतात झोपड्या घालून राहत होती. मुंबईच्या गिरण्या कापसावाचून नव्हे, हातांवाचून अडल्या. एरवी मजुराचा पगार महिना उलटून गेल्यावर, कधी दीड महिन्याने हाती पडे. उरलेल्या कामगारांनी आता रोजच्या रोज मजुरी मागायला सुरुवात केली आणि ती त्यांना मिळाली. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मालक एकमेकांवर चढ्या बोली लावून मजूर पळवत होते. अडला हरी म्हणतात तो हा. साथ ओसरली तशी ही रोजंदारीही ओसरली. मजुराची पत वाढली ती भीतीपुरती.

एकशे तेवीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्याच शहरातून त्याच दिशेने माणसे चालत निघाली, तेव्हा मला हे प्रकरण लिहायची गरज वाटली. आणि त्या वेळी सरकारने जो कायदा हाती घेतला तो ४ फेब्रुवारी १८९७ चाच होता.

दुसऱ्या भागात १९१८ ची इन्फ्लुएंझा येते. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने तिला मानमोडी म्हटले. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले शिपाई आजारी पडले आणि पावसाळा सरेस्तोवर ती देशभर पसरली. हिंदुस्थानात मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात शिरगणतीत आपली लोकसंख्या घटलेली दिसते. पण १८९७ च्या मानाने एक विलक्षण फरक इथे आहे. या वेळी फारसे कोणी कोणाला दार लावले नाही. महायुद्ध चालू होते, सैन्याची जहाजे थांबवणे कोणालाच परवडणारे नव्हते, आणि लढणाऱ्या देशांतली वर्तमानपत्रे लष्करी सेन्सॉरखाली होती. स्पेन युद्धात नव्हता. तिथल्या पत्रांनी साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या, म्हणून रोगाला नाव स्पेनचे पडले. खरे सांगणाऱ्याच्या कपाळी नाव चिकटते, हा धडा जगाने तेव्हाच गिरवला.

तो धडा सुरतेत पुन्हा गिरवला गेला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली. लोक मिळेल त्या गाडीने पळाले, हिरे आणि कापडाचा धंदा ठप्प झाला. आखातातल्या आणि इतर देशांनी भारताची विमाने थांबवली, पर्यटकांनी बेत रद्द केले, निर्यात अडकली. मृत्यू साठाच्या आत होते. नुकसान मात्र दीड अब्ज डॉलरच्या वर गेल्याचे अंदाज आहेत. प्रत्येक मृत्यूमागे किती रुपये, असा क्रूर भागाकार केला तर कळते की देशाला रोगापेक्षा रोगाची बातमी महाग पडली. मग कुठला देश पुढच्या वेळी लवकर बोलेल?

हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेलाही पडला होता. २००३ मध्ये सार्स येऊन गेला आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले. त्यांचा करार साधा आहे: देशांनी साथीची खबर तातडीने द्यायची आणि इतरांनी त्यांच्या वाहतुकीत आणि व्यापारात विनाकारण अडथळा आणायचा नाही. पहिले कलम पाळणाऱ्याला दुसऱ्याचे संरक्षण. कागदावर याहून न्याय्य काही नाही. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची खबर जगाला दिली, आणि काही दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या देशांवर एकामागून एक विमानबंद्या आल्या. सुरतेला जे भोगावे लागले तेच जोहान्सबर्गला. नियम बदलले होते, पत तीच होती.

यापुढचा, म्हणजे पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग कोविडचा आहे. वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर ३१ डिसेंबर २०१९ रोजी आरोग्य संघटनेपर्यंत पोचली. ३० जानेवारी २०२० रोजी तिने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्याच दिवशी भारतातला पहिला रुग्ण केरळात सापडला. त्या दिवशीच्या निवेदनात प्रवासावर किंवा व्यापारावर बंधने घालायची शिफारस नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाने दार लावले.

या दारांनी काय केले, याचे एक चित्र मी विसरू शकत नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या वायदे बाजारात भाव शून्याखाली गेला. पिंपामागे उणे ३७ डॉलर. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर आमच्याकडून पैसेही घ्या! गाड्या उभ्या, विमाने उभी, टाक्या काठोकाठ भरलेल्या. वायद्याचा माल उचलायचा तर ठेवायचा कुठे? ज्या मालासाठी विसाव्या शतकात युद्धे झाली तो फुकटही नको झाला. त्या वर्षी जगाचे एकूण उत्पन्न सुमारे तीन टक्क्यांनी घटले. भारतात एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत ते जवळजवळ एक चतुर्थांशाने आकसले. आकडा सरकारी आहे आणि पुढे तो थोडा बदललाही. पण ज्यांचा धंदा हातावरच्या पोटाचा होता त्यांच्या घरी त्या तिमाहीत काय झाले, हे कुठलाही आकडा धड सांगत नाही, आणि हे मी पुस्तकात पुन्हापुन्हा नोंदवले आहे.

आंतरराष्ट्रीय संबंधांची परीक्षा मात्र तेलात झाली नाही, औषधाच्या गोळीत झाली. मार्च २०२० मध्ये भारताने पॅरासिटॅमॉलसह काही औषधे आणि त्यांच्या कच्च्या मालाची निर्यात रोखली, पुढे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गोळ्या न आल्यास प्रत्युत्तराची भाषा केली, दुसऱ्या दिवशी भारताने बंदी सैल केली, आणि ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्रात संजीवनी आणणारा हनुमान अवतरला. ज्या औषधासाठी हे सारे झाले त्याचा कोविडवर उपयोग नाही, हे चाचण्यांनी त्याच वर्षी दाखवले. प्रसंग विनोदी वाटतो, पण त्याच्या खाली एक उघडे सत्य होते. जगाचा औषधी कारखाना म्हणून मिरवणारा भारत औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी चीनवर अवलंबून होता. आयातीतला मोठा, सुमारे दोन तृतीयांश, वाटा तिकडून येत असे. आपण जगाला दार लावत होतो आणि आपल्या दाराची कडी दुसऱ्याच्या हातात होती. त्याच वर्षी केंद्राने ही द्रव्ये देशात बनावीत म्हणून प्रोत्साहन योजना आणली.

चीनशी असलेल्या नात्याचे दुसरे टोक ऑस्ट्रेलियाने पाहिले. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, असे ऑस्ट्रेलियाने म्हटले. मे महिन्यात त्याच्या बार्लीवर चीनने ऐंशी टक्क्यांचे शुल्क बसवले, मग वाइनवरही जबर शुल्क आले. चीनने कारणे व्यापाराची दिली, जगाने अर्थ राजकारणाचा लावला. बार्लीवरचे शुल्क उठायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. युरोपातही शेजारधर्म फार टिकला नव्हता. साथीच्या सुरुवातीला जर्मनीने मास्कची निर्यात अडवली. इटली मदत मागत असताना शेजारी गप्प होते. मार्च २०२१ मध्ये त्याच इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेले लशीचे अडीच लाख डोस रोखून धरले. आधी पोटोबा, हे तत्त्व कुठल्याही एका खंडाची मक्तेदारी नाही.

लशीवरच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण ती गोष्ट आपल्या अंगणातली आहे. पुण्याजवळ मांजरीत तयार झालेल्या कोविशील्डच्या कुप्या २० जानेवारी २०२१ पासून बाहेर पडू लागल्या. पहिल्या भूतान आणि मालदीवला, मग बांगलादेश, नेपाळ, ब्राझील, आफ्रिका. ‘लस मैत्री’ हे नाव शोभून दिसत होते आणि आपल्यापैकी अनेकांची छाती अभिमानाने फुगली होती, माझीही. मार्चअखेरपर्यंत सहा कोटींहून अधिक डोस परदेशी गेले. मग दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आपल्या माणसांना खाट मिळत नसताना लस बाहेर कशी पाठवायची, असा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात होता आणि त्याला उत्तर नव्हते. पण बांगलादेशाच्या बाजूने तो प्रश्न कसा दिसला, हेही बघायला हवे. त्याने तीन कोटी डोसांचा सौदा केला होता. विकत घेतलेल्यांपैकी ७० लाख हाती पडले आणि पुरवठा आटला. पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्याची वाट बघत राहिले. ढाक्याने मग बीजिंगकडे तोंड वळवले. गरीब देशांसाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेची मदार पुण्यावर होती, तीही लटकली.

हे लिहिताना मला कोणाला दोष द्यायचा नाही. अमेरिकेने लशीच्या कच्च्या मालावर आपला कायदा लावून धरला होता आणि पुण्याच्या उत्पादकाने १६ एप्रिल २०२१ रोजी थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून ट्वीट करून तो माल सोडण्याची विनंती केली होती. श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आगाऊ विकत घेऊन ठेवले होते. साखळीतला प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडे बोट दाखवत होता, आणि प्रत्येकाचे बोट बरोबरच होते. म्हणून तर हा प्रश्न भल्या हेतूंवर सोडता येत नाही.

त्याच एप्रिल-मे महिन्यांत आपण घेणारेही झालो. २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत नाकारण्याचा भारताचा रिवाज होता. २०२१ मध्ये तो मोडून चाळीसहून अधिक देशांकडून ऑक्सिजनची यंत्रे, सिलिंडर, औषधे आली. मे अखेरीस केनियाने महाराष्ट्रासाठी १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. समाजमाध्यमांवर काहींनी त्याची टवाळी केली. चहा-कॉफी केनियाचे पीक आहे. माणूस आपल्याकडे जे असते तेच शेजाऱ्याच्या दुःखात घेऊन जातो. आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठले-भाकरी पोचवतात, त्यातलीच ही रीत. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकात या बारा टनांना जागा मिळत नाही. या पुस्तकात ती मिळाली आहे.

पैशाच्या प्रकरणांत वाचकाला दोन गोष्टी अनपेक्षित वाटतील. पहिली, परदेशातून घरी येणाऱ्या पैशाची. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने भाकीत केले की भारतात येणारी ही रक्कम २३ टक्क्यांनी घटेल. आखातातून माणसे परत येत होती, ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने आणि नौदलाची जहाजे त्यांना आणत होती, भाकीत पटण्यासारखेच होते. वर्षअखेरीस आकडा ८३ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे आदल्या वर्षाइतकाच निघाला. साठवलेले पाठवून, आपल्या पोटाला चिमटा काढून माणसांनी घर सांभाळले. राष्ट्रे आखडती झाली तेव्हा कुटुंबे सैल हाताची झाली. कोकण आणि गोव्यातल्या ज्या घरांची कर्ती माणसे बोटीवर असतात त्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. २०२० च्या अखेरीस जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकून होते, कारण बहुतेक बंदरे त्यांना उतरू देत नव्हती. जगाचा माल त्यांच्यामुळे चालू होता. दार बंद होते ते त्यांच्यासाठीच.

दुसरी गोष्ट कर्जाची. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरच्या तोडीचा राखीव निधी सभासद देशांत वाटला. इतिहासातले हे सर्वांत मोठे वाटप. पण वाटप सभासदांच्या हिश्श्याप्रमाणे झाले, म्हणून साऱ्या आफ्रिका खंडाच्या वाट्याला सुमारे ३३ अब्ज आले. भूक बघून वाढले असते तर ताटे वेगळी दिसली असती. पंगत मानाप्रमाणे बसली. श्रीलंका याचे जवळचे उदाहरण. तिथली पडझड कोविडमुळेच झाली, हे खरे नाही. २०१९ मधली करकपात, ईस्टरचे बॉम्बस्फोट, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी घातलेली बंदी, हे सारे त्यात होते. पण पर्यटक थांबले आणि डॉलर आटले तशी भिंतीतली जुनी चीर आरपार गेली. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली. त्या वर्षी भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. त्या मदतीत शेजारधर्म किती आणि कोलंबोतल्या चिनी पावलांची चिंता किती, याचे प्रमाण वाचकाने ठरवावे. माझे मत मी त्या प्रकरणात दिले आहे.

या पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. मी डॉक्टर नाही. विषाणू कुठून आला, कुठली लस किती प्रभावी, या वादांत मी शिरलेलो नाही. जिथे शास्त्राचा निर्वाळा झाला आहे तिथे तो घेतला आहे, जिथे नाही तिथे थांबलो आहे. चीनच्या आतल्या घडामोडींबद्दल बाहेरून जेवढे नीट कळते तेवढेच लिहिले. शब्दांबाबत एक खुलासा. या प्रस्तावनेत नसले, तरी पुढच्या प्रकरणांत ‘महामारी’, ‘साथ’, ‘मरी’ हे शब्द मी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. देशांच्या सीमा ओलांडणारी ती महामारी, गावात आलेली ती साथ, आणि जुन्या माणसांच्या तोंडून आलेले जिथे उद्धृत केले तिथे मरी. ‘कारंटीन’ हा शब्द प्लेगच्या काळातल्या मराठीतून उचलला आहे. तो आपल्या जिभेवर बसलेला आहे आणि ‘विलगीकरणा’हून त्यात दाराचा आवाज अधिक येतो.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याला अर्थकारणात रस आहे त्याने गिरण्यांचे प्रकरण आणि कर्जाचे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. ज्याला परराष्ट्र धोरणात रस आहे त्याने व्हेनिस आणि लस ही दोन प्रकरणे. कोविडच्या वर्षांत ज्याचे माणूस गेले आहे त्याला मी काय सांगणार? एवढेच की त्या मृत्यूंचा उल्लेख कुठेही नुसता आकडा म्हणून होऊ नये, असा प्रयत्न मी केला आहे. हस्तलिखित वाचून चुका काढणाऱ्या मित्रांचा मी ऋणी आहे. उरलेल्या चुका माझ्या.

शेवटी एक नोंद. डिसेंबर २०२१ पासून जगातले देश जिनिव्हात एका करारावर घासाघीस करत होते: पुढच्या महामारीत कोणी काय करायचे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने तो करार मंजूर केला. अमेरिका त्या वाटाघाटींतून आधीच बाहेर पडली होती. करारात बरेच चांगले आहे. मात्र त्यातला गाभ्याचा प्रश्न, म्हणजे एखाद्या देशाने आपल्याकडे सापडलेल्या रोगजंतूचे नमुने जगाला दिले तर बदल्यात त्याला लशीचा आणि औषधाचा किती वाटा मिळेल, हा एका परिशिष्टावर सोपवला गेला. आणि ते परिशिष्ट पूर्ण झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होणार नाही, असे ठरले. खबर देणाऱ्याला काय मिळणार, हा मांडवीतला, सुरतेतला आणि जोहान्सबर्गचा एकच प्रश्न आहे. १८५१ मध्ये पॅरिसला बारा डॉक्टर आणि बारा मुत्सद्दी जमले होते, तिथून धरले तर एकशे चौऱ्याहत्तर वर्षे झाली. करार मंजूर झाला त्या दिवशी ते परिशिष्ट कोरे होते.